महाकाय पतंगांचे जीवन व सवयी

पावसाळ्याच्या दिवसांत सत्तरी, सांगे, धारबांदोडा व काणकोण या तालुक्यांतील रानालगतच्या गावांत ओसरीवरील दिव्यापाशी कधी कधी एक अपरिचित पाहुणा येऊन बसतो. त्याचे पंख माणसाच्या पंजाहून रुंद, तांबूस-तपकिरी रंगाचे व नक्षीदार असतात. मुले त्याला पाहून घाबरतात, कोणी त्यास अशुभ समजतो, तर कोणी केरसुणी उचलतो. त्याच्या पंखांवरील भुकटी डोळ्यांत गेल्यास दृष्टी जाते, अशीही भीती काही ठिकाणी बाळगली जाते. वस्तुतः हा जीव चावत नाही, डसत नाही आणि पिकाच्या एका पानालाही उपद्रव देत नाही. किंबहुना तो काहीच खात नाही, कारण अन्न घेण्यास उपयोगी पडेल असे तोंडच त्याला नसते. अळीच्या अवस्थेत साठविलेल्या शक्तीवर तो केवळ काही दिवस जगतो. या अल्प मुदतीत त्याला एकच कार्य करावयाचे असते, ते म्हणजे पुढील पिढीची तजवीज. त्याचे जीवन समजून घेतले, म्हणजे दिव्यापाशी बसलेल्या पतंगाची खरी अडचण काय आहे, हेही ध्यानात येते.

पतंग व फुलपाखरू

फुलपाखरे आणि पतंग हे दोन्ही कीटक खवलेपंखी गणात मोडतात. त्यांच्या पंखांवर अतिसूक्ष्म खवले कौलांप्रमाणे एकावर एक रचलेले असतात. पंखांचा रंग व नक्षी या खवल्यांमुळेच दिसते. पंखाला बोट लागताच जी भुकटी हातास चिकटते, ती म्हणजे हे सुटलेले खवले होत. ते विषारी नसतात. डोळ्यांत कोणतीही धूळ गेल्यास जशी चुरचुर होते तशी यांनीही होऊ शकेल, परंतु त्यामुळे आंधळेपण येत नाही.

फुलपाखरे बहुधा दिवसा उडतात व बसताना पंख पाठीवर मिटून उभे धरतात. बहुतेक पतंग रात्री उडतात व पंख आडवे पसरून किंवा अंगावर छपरासारखे ठेवून बसतात. फुलपाखराच्या मिशांची टोके गाठीसारखी जाड असतात. पतंगांच्या मिशा, ज्यांना शास्त्रीय भाषेत शृंगिका म्हणतात, त्या सुतासारख्या अथवा पिसासारख्या असतात. नियमाला अपवाद असले, तरी विद्यार्थ्यांना ओळख करून देण्यास एवढी लक्षणे पुरेशी आहेत.

या कुळातील प्रमुख जाती

आकाराने मोठ्या असलेल्या पतंगांपैकी बरेचसे सॅटर्नीडी नावाच्या कुळातील आहेत. त्यांत सर्वाधिक प्रसिद्ध असलेल्या ॲटलास पतंगाचे शास्त्रीय नामकरण स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५८ मध्ये केले. त्याचा पंखविस्तार, म्हणजे पसरलेल्या पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर, सुमारे २५ सेंटिमीटर भरते. दक्षिण भारत व श्रीलंका येथे आढळणारी त्याची निकटची जात 'अटॅकस टॅप्रोबॅनिस' या नावाने ओळखली जाते. टॅप्रोबॅनी हे श्रीलंकेचे प्राचीन ग्रीक नाव होय. गोव्यातील व पश्चिम घाटातील महाकाय पतंग तो हाच. न्यू गिनी व उत्तर ऑस्ट्रेलियातील हर्क्युलिस पतंगही याच कुळातील आहे. मध्य व दक्षिण अमेरिकेतील एका पतंगाचा पंखविस्तार ३० सेंटिमीटरच्या जवळपास जातो, पण तो वेगळ्या कुळातील आहे आणि त्याचे पंख अरुंद असतात.

आपल्याकडील दुसरी लक्षणीय जात म्हणजे चांद्र पतंग. त्याचा रंग फिकट हिरवा असून मागील पंखांना लांब, किंचित पीळ असलेल्या शेपट्या असतात. प्रत्येक पंखावर चंद्रकोरीसारखा एक ठिपका असतो. तिसरी जात टसर पतंगाची. ऐन, अर्जुन व साल या वृक्षांची पाने हे तिच्या अळीचे मुख्य खाद्य. यांपैकी ऐन म्हणजेच गोव्यात माट्टी या नावाने परिचित असलेला आणि राज्यवृक्षाचा मान मिळालेला वृक्ष होय.

अळी: साठवणीचा काळ

मादी पतंग पानांच्या खालील बाजूस अंडी घालते. सुमारे दहा ते चौदा दिवसांत त्यांतून इवल्याशा अळ्या बाहेर पडतात. यापुढचे काही आठवडे अळीस एकच उद्योग असतो, तो म्हणजे पाने खाणे. तिची त्वचा शरीराबरोबर वाढत नाही. म्हणून जुनी त्वचा घट्ट झाली, की अळी काही काळ निश्चल राहते, कात टाकते आणि नव्या, सैल त्वचेत पुन्हा खाऊ लागते. असे अनेक वेळा घडते. अंड्यातून निघताना काही मिलिमीटर असलेली ॲटलास पतंगाची अळी पूर्ण वाढ होईपर्यंत दहा सेंटिमीटरहून अधिक लांब व बोटाएवढी जाड होते. तिचा रंग निळसर हिरवा असून अंगावर मऊ, मांसल काटे व पांढऱ्या मेणाची भुकटी असते.

ही अळी दालचिनी, पेरू, लिंबूवर्गीय झाडे आणि अनेक रानझाडे यांची पाने खाते. बागायतदारास तिचा धाक वाटणे साहजिक आहे. तथापि रानालगतच्या कुळागरात एखाद्या झाडावर ती आढळलीच, तर तिची संख्या बहुधा अल्प असते. पक्षी, मुंग्या, तसेच अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या परोपजीवी माश्या व गांधीलमाशीच्या जातीचे कीटक तिची संख्या आटोक्यात ठेवतात. टसर उत्पादकांना 'उझी' माशीचा जो उपद्रव सोसावा लागतो, तो याच प्रकारचा. म्हणून दोन-चार अळ्यांसाठी विषारी फवारणी करणे म्हणजे अळीबरोबर तिच्या शत्रूंनाही मारणे होय. एक सावधगिरी मात्र बाळगावी. केसाळ अळ्यांच्या काही अन्य जाती स्पर्शाने खाज व दाह उत्पन्न करतात. सबब ओळख नसलेली अळी मुलांनी हातात घेऊ नये.

या काळात अळी जे खाते, त्यातील मोठा भाग चरबीच्या रूपाने शरीरात साठतो. ही साठवण म्हणजे पुढील साऱ्या आयुष्याची शिदोरी आहे. कोशाचे रूपांतर, पंखांची घडण, उड्डाण आणि अंड्यांची निर्मिती हा सर्व खर्च तिच्यातूनच भागवावयाचा असतो.

कोसला: प्रतीक्षेचा काळ

वाढ पूर्ण होताच अळी खाणे सोडते व तोंडाजवळील ग्रंथीतून रेशमाचा धागा काढून स्वतःभोवती वेष्टण विणते. या वेष्टणास कोसला म्हणतात आणि आत रूपांतर होत असलेल्या जीवास कोश म्हणतात. ॲटलास पतंगाची अळी पान गुंडाळून त्यात कोसला विणते. त्यामुळे तो फांदीवर वाळून राहिलेल्या पानासारखा दिसतो. टसरचा कोसला अंड्याच्या आकाराचा व कठीण असून रेशमाच्याच बळकट देठाने व कडीने डहाळीस टांगलेला असतो. पानगळ झाली तरी तो खाली पडत नाही.

अनुकूल ऋतूत कोशातून काही आठवड्यांत पतंग बाहेर पडतो. परंतु पावसाळा सरल्यानंतर तयार झालेला टसरचा कोश हिवाळा व उन्हाळा निद्रिस्त स्थितीत काढतो आणि पुढील पावसाळ्याच्या सुमारास जागा होतो. कोवळी पालवी नसताना पतंग जन्मला, तर त्याच्या अळ्यांना अन्न मिळणार नाही. निसर्गाची ही योजना त्या दृष्टीने किती अचूक आहे, हे सहज कळून येते. अशा निद्रिस्त कोशास जाग कशी येते, याचा उलगडा अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे शास्त्रज्ञ कॅरोल विल्यम्स यांनी १९४० नंतरच्या दशकात याच कुळातील सिक्रोपिया पतंगावर प्रयोग करून केला. दीर्घकाळ थंडीत ठेवलेल्या कोशाचा मेंदू दुसऱ्या निद्रिस्त कोशात बसविताच त्या कोशाचे पतंगात रूपांतर सुरू झाले. यावरून मेंदूतून निघणारे संप्रेरक ही जाग आणते, असे सिद्ध झाले.

बाहेर पडण्याच्या वेळी टसर पतंग तोंडाजवळून एक पाचक द्रव सोडतो. त्यामुळे कोसल्याच्या टोकाकडील धागे मऊ व सैल होतात आणि पतंग त्यांतून वाट काढतो. तेव्हा त्याचे पंख लहान, ओले व चुरगळलेले असतात. तो डहाळीस लोंबकळत राहतो व शरीरातील द्रव पंखांच्या शिरांत दाबून पंख उलगडतो. पंख सुकून ताठ होईपर्यंत त्याला उडता येत नाही. या वेळी त्यास हलविल्यास पंख कायमचे वाकडे राहतात.

मुखाविना आयुष्य

पूर्ण वाढलेल्या पतंगास काम करणारी सोंड नसते. फुलातील मध तो घेत नाही. म्हणून त्याचे आयुष्य शिलकीच्या प्रमाणात ठरलेले असते. बहुधा ते एक आठवड्याचे, फार तर त्याहून थोडे अधिक असते. उड्डाणापूर्वी तो पंख थरथरवून अंगातील स्नायू तापवितो. यासाठीही हीच शिल्लक खर्च होते. एकदा ती संपली, की भरून काढण्याचा कोणताही मार्ग त्याच्यापाशी नाही.

ही मर्यादा ध्यानात घेतल्यास नर व मादी यांच्या वर्तनातील भेद समजतो. अंड्यांच्या भाराने जड झालेली मादी फारशी उडत नाही. कोसल्याजवळच वाऱ्याच्या वाटेवर बसून ती पोटाच्या टोकाकडील ग्रंथीतून एक विशिष्ट गंध हवेत सोडते. नराच्या मिशा मादीच्या मिशांपेक्षा रुंद व पिसाप्रमाणे दाट असतात. त्यांवरील असंख्य सूक्ष्म केस या गंधाचे कण टिपतात. वाऱ्याबरोबर आलेला गंध लाभताच नर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडत दुरून मादीपर्यंत पोहोचतो. माणसाच्या नाकाला मात्र त्याचा मागमूसही लागत नाही.

शेतकरी बांधवांना 'कामगंध सापळे' परिचित आहेत. किडीच्या नर पतंगांना फसविण्यासाठी त्यांत जो गंध वापरतात, तो याच तत्त्वावर आधारलेला आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ॲडॉल्फ ब्यूटेनांट यांनी १९५९ मध्ये तुतीवरील रेशीमकिड्याच्या मादीचा कामगंध प्रथमच शुद्ध स्वरूपात ओळखला. त्यासाठी सुमारे पाच लाख माद्यांच्या गंधग्रंथी वापराव्या लागल्या आणि हाती आले ते केवळ काही मिलिग्रॅम द्रव्य. इतक्या अल्प द्रव्यावर या जीवांचा सारा वंशविस्तार अवलंबून आहे.

शत्रू व संरक्षण

पतंगास चावा नाही, नांगी नाही आणि वेगही बेताचाच. त्याचे संरक्षण मुख्यतः रूपाच्या आधारे होते. ॲटलास पतंगाच्या पुढील पंखांची टोके सापाच्या फण्यासारखी दिसतात. हाँगकाँगकडील चिनी भाषेत त्याचे नावही 'सर्पमुखी पतंग' अशा अर्थाचे आहे. धोका जाणवला, की तो खाली पडून पंख सावकाश हलवितो. त्या वेळी साप डोके हलवीत असल्याचा भास होतो. त्याच्या पंखांवर खवले नसलेल्या, काचेसारख्या त्रिकोणी खिडक्याही असतात. टसर पतंगाच्या पंखांवर डोळ्यांसारखी वर्तुळे असतात.

रात्रीचा मोठा शत्रू म्हणजे वटवाघूळ. लहान वटवाघळे तीक्ष्ण आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य हेरतात. अनेक जातींच्या पतंगांना हा आवाज ऐकू येतो व ते निसटतात, पण सॅटर्नीडी कुळातील पतंगांना कानच नसतात. मग त्यांचा निभाव कसा लागतो? अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने या प्रश्नाचे उत्तर काही अंशी दिले. चांद्र पतंगाच्या अमेरिकेतील भाऊबंदावर केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले, की उडताना गरगरणाऱ्या लांब शेपट्यांमुळे वटवाघळाचा हल्ला अंगावर न होता शेपटीकडे वळतो. शेपटी तुटते, पण प्राण वाचतो. ज्या पतंगांच्या शेपट्या काढल्या होत्या, ते वटवाघळांच्या तावडीत कितीतरी अधिक प्रमाणात सापडले. जी शेपटी केवळ शोभेची वाटत होती, ती संरक्षणाचे साधन ठरली.

रेशमाशी नाते

व्यापारी महत्त्वाचे तुती, टसर, एरी व मुगा हे रेशमाचे चारही प्रकार भारतात तयार होतात. यांपैकी तुतीचा रेशीमकिडा वेगळ्या कुळातील आहे, परंतु उरलेले तिन्ही प्रकार महाकाय पतंगांच्या सॅटर्नीडी कुळाने दिलेले आहेत. मुगा हे आसामचे सोनेरी रेशीम. एरीची अळी मुख्यतः एरंडाच्या पानांवर वाढते. महाराष्ट्रातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत ऐन व अर्जुन वृक्षांवर टसरची पैदास होते, आणि तेथील ढिवर समाजातील अनेक कुटुंबांचा हा परंपरागत व्यवसाय आहे. टसरसंबंधी संशोधन व प्रशिक्षणासाठी रांची येथे १९६४ मध्ये केंद्रीय संस्था स्थापन झाली. ज्या जीवाकडे ओसरीवर भीतीने पाहिले जाते, त्याचाच आप्त अन्यत्र कुटुंबाच्या चरितार्थाचे साधन आहे, ही गोष्ट पाठ देताना शिक्षकांनी अवश्य सांगावी.

दिव्याचे संकट

पतंग दिव्यावर झेप घेतो, तो प्रेमापोटी, असे कवींनी मानले. पतंग दिव्याला चंद्र समजतो व त्यावरून दिशा ठरवू पाहतो, असे शास्त्रज्ञांना दीर्घकाळ वाटत होते. जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने वेगळे उत्तर पुढे आणले. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रांवरून असे आढळले, की उडणारे कीटक आपली पाठ प्रकाशाकडे करतात. रात्री भूमीपेक्षा आकाश उजळ असते. म्हणून पाठ उजेडाकडे ठेवली, की वर कोणते व खाली कोणते याचे भान राहते. कोट्यवधी वर्षे ही सवय कीटकांना उपकारक ठरली. परंतु उजेड आकाशाऐवजी बाजूच्या खांबावरून येऊ लागला, तेव्हा हीच सवय फास बनली. पाठ दिव्याकडे झुकवीत कीटक त्याच्याभोवती घिरट्या घालतो आणि त्यातून सुटू शकत नाही. थोडक्यात, तो दिव्याकडे ओढला जातो असे म्हणण्यापेक्षा तो दिव्यापाशी अडकतो, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

आता महाकाय पतंगाच्या आयुष्याचा हिशेब मांडून पाहावा. आयुष्य सुमारे सात रात्रींचे, साठवण ठरलेली आणि ती पुन्हा भरून निघणार नाही. असा नर एक रात्र दिव्याभोवती फिरत राहिला, तर त्याच्या आयुष्याचा सातवा हिस्सा वाया गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर बसलेला तो पतंग कावळ्याच्या वा पालीच्या दृष्टीस पडला, तर उरलेले सहा दिवसही गेले. इकडे रानात गंध सोडीत बसलेल्या मादीची मुदतही त्याच वेगाने संपत असते. मीलन झाले नाही, तर तिच्या अंड्यांतून अळ्या निपजत नाहीत. महिनोन् महिने झाडावर लटकून वाट पाहिलेल्या कोशाचे सारे श्रम एका दिव्यापायी निष्फळ होतात.

गावाने व शाळेने काय करावे

या बाबतीत करावयाचे उपाय सोपे व बिनखर्चाचे आहेत. रानालगतच्या घरांनी पावसाळ्याच्या दिवसांत निजतेवेळी बाहेरचा दिवा मालवावा. दिवा आवश्यकच असेल, तर निळसर पांढऱ्या प्रकाशाऐवजी पिवळसर प्रकाशाचा व कमी शक्तीचा दिवा लावावा, कारण पिवळसर प्रकाशाकडे कीटक तुलनेने कमी येतात. ग्रामपंचायतींनी रस्त्यावरील दिव्यांना उजेड खालीच पडेल अशी टोपी बसवावी. वनक्षेत्राजवळची कार्यालये व विश्रामगृहे येथील अधिकाऱ्यांनी अनावश्यक दिवे रात्रभर जळत राहणार नाहीत, याकडे लक्ष पुरवावे. यामुळे विजेचीही बचत होईल.

भिंतीवर पतंग आढळल्यास त्याला पंखांनी धरू नये. जाड कागद हळूच त्याच्या पायांखाली सरकवून त्यास जवळच्या झाडीत, सावलीच्या व आडोशाच्या जागी ठेवावे. कुळागराची साफसफाई करताना वाळलेली पाने सरसकट जाळू नयेत. फांदीवर गुंडाळलेल्या एखाद्या पानात कोसला असण्याचा संभव असतो.

शाळेच्या आवारात कोसला सापडल्यास तो विद्यार्थ्यांसाठी उत्तम पाठ ठरेल. डहाळीसह तो जाळीच्या पेटीत, उन्हापासून दूर टांगावा व अधूनमधून त्यावर पाण्याचे तुषार शिंपडावेत. पतंग निघाल्यावर त्यास वर चढून पंख पसरता येतील, इतकी मोकळी जागा पेटीत असावी. कोसला सापडल्याचा दिवस, पतंग निघाल्याचा दिवस, मिशांचा आकार आणि त्यावरून ओळखलेला नर वा मादी यांची नोंद मुलांनी वहीत करावी. त्याच संध्याकाळी, अंधार पडताच, दिव्यापासून दूर नेऊन पतंगास सोडून द्यावे. त्याच्यापाशी वेळ थोडा आहे, हे मुलांना सांगितल्यास एरवी त्याला डबीत कोंडण्याचा हट्ट धरणारी मुलेही त्याची सुटका स्वखुशीने करतील. मोले, खोतीगाव, म्हादई यांसारख्या अभयारण्यांतून कोसले वा पतंग गोळा करण्यास कायद्याने मनाई आहे, याचीही जाणीव त्यांना द्यावी.

अन्न न मागणारा, कोणाचे काही न नेणारा हा प्राणी मनुष्याकडून फारशी अपेक्षा करीत नाही. रानालगतच्या गावांनी त्याच्या वाटणीच्या सात रात्री काळोख्या ठेवल्या, तर पुढील पावसाळ्यात माट्टीच्या कोवळ्या पालवीखाली त्याची अंडी पुन्हा दिसतील.